माय, ज्वारी तिकडचीच!

सातवीच्या वर्गात एका पोरानं हात वर केला आणि विचारलं, "सर, आपल्या मुरुडात तो समुद्रातला किल्ला कुठं हाय?"

वर्ग खो खो हसला. त्या पोरानं मोबाइलवर 'मुरुड' टाकलं होतं आणि मोबाइलनं त्याला आमचं लातूर-बार्शी रस्त्यावरचं मुरुड सोडून कोकणातलं मुरुड दाखवलं, जंजिरा दाखवला. आम्हा मुरुडकरांना हा घोटाळा जन्माचा पुजलेला. गाव सांगितलं की समोरचा म्हणणारच, "वा, समुद्र!" पण पोरगं हसण्यानं गप्प बसलं नाही. ते पुढं म्हणालं, "सर, किल्ला सिद्दीचा होता म्हणतेत. सिद्दी म्हंजी आफ्रिकेतले. मग ते हिकडं आले, पण कुणी परत गेलं का न्हाई?"

परत गेलं का नाही! पंचवीस वर्षं मी भूगोल शिकवतोय. आफ्रिकेचा नकाशा डोळे मिटून फळ्यावर काढतो. आलेल्यांची नावंही मला पाठ. मलिक अंबर आमच्या जवळच्या परांड्यात निजामशाही सांभाळत होता, मग त्यानं खडकी वसवली, तिचंच पुढं औरंगाबाद झालं. हैदराबादेत आमच्या गावची निम्मी माणसं दवाखान्याला जातात, तिथला एसी गार्ड्‌स भाग म्हणजे निजामाच्या आफ्रिकन घोडदळाची वस्ती. आलेले सगळे ठाऊक. पण परत गेलेले?

त्या रात्री शोधायला बसलो तो पहाटे कोंबडा आरवला तरी उठलो नाही. परत गेले होते! जंजिऱ्याहून नव्हे, हैदराबादेतूनही नव्हे. गेले होते नाशकाहून. आणि गेले ते ख्रिस्ती धर्माचे उपदेशक, शिक्षक म्हणून, आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, मोंबासाजवळच्या रबाई नावाच्या डोंगराळ गावात, १८६४ साली. तिथं त्यांना 'बॉम्बे आफ्रिकन' म्हणत. मुंबईवाले!

तेव्हापासून दीड महिना झाला, मला दुसरं काही सुचत नाही. जो भेटेल त्याला सांगतोय. आता तुम्हाला सांगतो.

एकोणिसाव्या शतकात पूर्व आफ्रिकेतून माणसं पकडून गलबतांत कोंबून विकायला न्यायचे. इंग्रजांच्या आरमाराची जहाजं ही गलबतं समुद्रात अडवायची आणि सुटका झालेल्यांना कधी एडनला, कधी सेशेल्सला, कधी मुंबईला उतरवायची. त्यात किती तरी लेकरं. आठ-दहा वर्षांची, न्यासा सरोवराच्या आसपासच्या गावांतून उचललेली, आईबापांचा पत्ता नाही, बोलली तर ती भाषा मुंबईत कुणाला कळत नाही. त्यांतली पुष्कळ मुलं-मुली चर्च मिशनरी सोसायटीनं नाशकाला नेली. नाशकाबाहेर मिशनची वसाहत उभी राहिली होती, तिचा कारभार विल्यम सॉल्टर प्राइस नावाचे पाद्री बघत. मुलं तिथं लिहायला-वाचायला शिकली, सुतारकाम, लोहारकाम शिकली, बाप्तिस्मा घेऊन नवी नावं घेतली. वसाहतीचं नाव शरणपूर.

शरणपूर! नाशिकला गेलेला कोण शरणपूर रोडवरून गेला नसेल? त्र्यंबकेश्वरला जाताना मी स्वतः त्या रस्त्यानं आठ-दहा वेळा तरी गेलोय. दवाखाने, शोरूम, क्लास, रिक्षांची गर्दी. शरण आलेल्यांचं पूर, हे त्या नावात उघड्यावर लिहिलेलं होतं आणि मी ते 'रोड'ला चिकटलेलं एक नाव म्हणून वाचत होतो. परवा भाचीच्या लग्नाला नाशिकला गेलो तेव्हा अक्षता पडल्या न पडल्या आणि मी रिक्षा केली. सेंट अँड्र्यू चर्चच्या आवारात उभा राहिलो. दुपारची वेळ, कुणी नव्हतं. मी आपला मोठ्यानं तीन नावं घेतली: विल्यम जोन्स, इश्माएल सेमलर, जॉर्ज डेव्हिड. काय सांगू, अंगावर काटा आला. हीच ती माणसं, जी बायकांना घेऊन इथून निघाली आणि समुद्र ओलांडून रबाईला गेली!

रबाईला आधी योहान रेबमान नावाचे जर्मन पाद्री होते. भूगोलाच्या मास्तराला हे नाव नवं नाही, कारण १८४८ साली किलिमांजारोवरचं बर्फ पाहून ते युरोपला कळवणारे हेच. विषुववृत्ताजवळ बर्फ कसं असेल म्हणून लोकांनी त्यांना खोटं पाडलं. हा किस्सा मी दरवर्षी वर्गात रंगवून सांगतो. पण त्याच रेबमानांच्या म्हातारपणी, डोळ्यांची दृष्टी जात असताना, त्यांच्या हाताखाली नाशिकहून आलेली माणसं शाळा आणि प्रार्थना चालवत होती, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

आणि लिव्हिंग्स्टन! १८६४ च्या जूनमध्ये, ऐन पावसाळा तोंडावर असताना, आफ्रिका धुंडाळणारा हा प्रवासी पाद्री आपली छोटीशी आगबोट घेऊन झांझिबारहून थेट मुंबईला आला. पुढच्या वर्षी परत आला आणि आफ्रिकेच्या शेवटच्या सफरीसाठी त्यानं माणसं निवडली, त्यांत नऊ पोरं नाशिकच्या शाळेतली. १८७२ साली त्याच्या मदतीला आणखी सहा गेली. १ मे १८७३ च्या सुमारास आजच्या झांबियात चितांबोच्या गावी तो वारला तेव्हा सोबतच्या माणसांनी त्याचं काळीज तिथंच झाडाखाली पुरलं आणि देह कापडात, सालीत गुंडाळून ती समुद्राकडे निघाली. नऊ महिने. दीड हजार किलोमीटरच्या वर, म्हणजे लातूरहून पायी दिल्ली गाठावी इतकं. काळीज पुरताना प्रार्थना वाचली ती जेकब वेनराइट यानं, नाशिकच्या शाळेतल्या पोरानं. त्या झाडाच्या खोडावर अक्षरं कोरली तीही त्यानंच. खोडाचा तो तुकडा आज लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीत आहे. १८ एप्रिल १८७४ ला वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला खांदा देणाऱ्या आठ जणांत जेकब होता. नाशकात गिरवलेली अक्षरं आफ्रिकेच्या झाडावर कोरली गेली आणि लंडनला जाऊन पोचली!

हे सगळं मी रात्री जेवताना माझ्या मायला सांगत होतो. माय पंच्याऐंशीची. तिला लिव्हिंग्स्टनचं काही वाटलं नाही. ती भाकरी थापत होती. काटवटीत पीठ मळताना हात न थांबवता तिनं विचारलं, "आरं, पण त्या लेकरांला तिथं खायला काय भेटलं असंल? हितं नाशकात भाकरी खाऊन वाढलेली. तिथं भाकर होती का?"

मी घास हातात धरून बसलो. मी पुस्तकं पालथी घातली, सनावळी लिहून काढल्या, नकाशावर रेघा मारल्या, आणि हा प्रश्न माझ्या मनात आलाच नव्हता. नवीन मुलखात माणूस उतरतो तेव्हा पहिला दिवस इतिहासाचा नसतो, चुलीचा असतो. पाणी कुठून आणायचं, दुकान कुठं, काय शिजतं, शेजारीण काय म्हणते.

मग मी तेच शोधायला लागलो, आणि जे सापडलं त्यानं मला वेड लावायचं बाकी ठेवलं.

माय, ज्वारी तिकडचीच!

ज्वारी मूळची आफ्रिकेची. आजच्या सुदानच्या पूर्व भागात पाचेक हजार वर्षांपूर्वी माणसानं ती पहिल्यांदा पेरली आणि तिथून ती समुद्रमार्गे आपल्याकडे आली. बाजरीही आफ्रिकेची. चवळीही. मोंबासाच्या किनाऱ्यावर मक्याचा जोर व्हायच्या आधी लोक ज्वारीच पेरत. स्वाहिलीत तिला 'म्तामा' म्हणतात. मायच्या हातात जे पीठ होतं, ज्या पिठावर अख्खा मराठवाडा उभा आहे, ज्या ज्वारीवर आम्ही हुरड्याच्या गाण्यांपासून भावाच्या भांडणांपर्यंत सगळं आयुष्य काढलं, ती आफ्रिकेची लेक! हे मी ओरडूनच सांगितलं. मायनं एकदा पिठाकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि भाकरी तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवला. म्हणाली, "मग ती लेकरं माहेरच्या दाण्यावर गेली म्हण की."

आता दुसरं ऐका. तूर! लातूरची डाळ देशभर जाते, तुरीच्या शेंगा सोलत आमचं लहानपण गेलं. ती तूर मात्र आपली, भारतात जन्मलेली, आणि ती इथून तिकडे गेली. मोंबासात आजही सकाळची न्याहारी म्हणजे नारळाच्या दुधात शिजवलेली तूर, 'म्बाझी', आणि सोबत तळलेली 'महाम्री'. म्हणजे ज्वारी तिकडून इकडे आली, तूर इकडून तिकडे गेली, दोघींची वाट एकच, नेणारे वारे मात्र दोन. हिवाळ्यात ईशान्येकडून वाहतो त्या वाऱ्याला तिकडे 'कास्काझी' म्हणतात. त्यावर आपली गलबतं आफ्रिकेला जायची. उन्हाळा संपता संपता नैर्ऋत्येचा 'कुसी' सुटतो, त्यावर ती परतायची. आणि हा कुसी म्हणजे तोच वारा, ज्याची वाट बघत आम्ही मृग लागला की काळ्या रानात उभे राहतो! मोंबासाच्या बंदरातून गलबतं हाकणारा वारा आमच्या सोयाबीनवर पाऊस पाडतो. पंचवीस वर्षं मी मान्सूनची आकृती काढतोय. बाण काढत होतो, पण बाणावर बसून कोण येतंय हे बघितलं नव्हतं.

आणखी एक सांगतो. मुरुडहून तासाभरावर तेर आहे, गोरोबाकाकांचं तेर. दोन हजार वर्षांपूर्वी ते तगर नावाचं मोठं व्यापारी शहर होतं. त्या काळी कुणा ग्रीक व्यापाऱ्यानं लिहिलेलं 'पेरिप्लस' नावाचं समुद्री वाटाड्याचं पुस्तक आहे, त्यात तगरचा उल्लेख आहे हे आमच्याकडं पोरंही सांगतात. पण त्याच पुस्तकात आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या राप्ता बंदराचंही वर्णन आहे. एका पुस्तकाच्या दोन पुठ्ठ्यांच्या आत तेरही आहे आणि आफ्रिकेचा तो किनाराही!

बरं, पोट भरलं, पुढं? बोलायचं कसं? इथं मी थोडं थांबतो, कारण हा भाग लोकांच्या लक्षात येत नाही. जोन्स, सेमलर घरी गेले असं वाटतं. पण रबाई त्यांचं घर नव्हतं. यातली बरीचशी माणसं आत, शेकडो कोस दूर, सरोवरांच्या बाजूची. रबाईची भाषा वेगळी, देव वेगळे, जंगलातली पवित्र ठिकाणं वेगळी. तिथल्या माणसांना हे कातडीनं आपले आणि चालीनं परके. सदरा, विजार, हातात पुस्तक, बोलणं मुंबईचं. आणि युरोपी पाद्र्यांच्या नजरेत हे कायम मदतनीस. लहानपणी गाव सुटलं, मग समुद्र, मग नाशिक, मग पुन्हा समुद्र. तिसऱ्यांदा नव्यानं चूल मांडायची. बदली झालेल्या मास्तराला एक गाव बदललं तर वर्षभर झोप लागत नाही, मी स्वतः भोगलंय. यांनी जग बदललं, तेही दोनदा.

पण बघा, भाषेनं त्यांना हात दिला असणार. मी स्वाहिलीचे शब्द बघत गेलो आणि थरारत गेलो. साबण म्हणजे सबुनी. दुकान म्हणजे दुका. पुस्तक म्हणजे किताबु, लेखणी म्हणजे कलामु, पेटी म्हणजे संदुकु, औषध म्हणजे दावा. वेळेला वकाती म्हणतात, आणि आमचा शेतकरी अजून म्हणतोच, "वखत झाला". हिशेब म्हणजे हेसाबु. कुशल विचारायचं तर 'हबारी?' म्हणजे खबर काय. यातले बहुतेक अरबीतून तिकडे गेले आणि फारसी-उर्दूतून आमच्या तोंडात आले. निजामाच्या राजवटीत वाढलेल्या आमच्या मराठवाडी कानाला तर मोंबासाचा बाजार अर्धा समजेल! त्या काळी तिकडच्या बाजारात रुपया चालायचा आणि दुकानात बसलेला माणूस बहुधा कच्छी. नाशकात वाढलेल्या बाईनं रबाईहून किनाऱ्याच्या बाजारात जाऊन साबणाला बोट दाखवलं असेल तर दुकानदारानं जे नाव घेतलं ते तिला आधीच येत होतं. हे दृश्य माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

दहा वर्षांनी चित्र पालटलं. मुंबईचे गव्हर्नर राहिलेले सर बार्टल फ्रिअर (फोर्टच्या भिंती यांच्याच काळात पडल्या, आणि आजच्या फ्लोरा फाउंटनला मुळात यांचं नाव द्यायचं होतं) १८७३ मध्ये झांझिबारला गेले. त्याच वर्षी जूनमध्ये तिथल्या सुलतानानं गुलामांचा समुद्री व्यापार बंद करण्याच्या तहावर सही केली. आता सुटणाऱ्या माणसांना ठेवायचं कुठं? शरणपूर बघितलेले प्राइस १८७४ च्या अखेरीस मोंबासाला उतरले. समोरच्या किनाऱ्यावर त्यांनी नवी वसाहत उभारली, तिचं नाव फ्रिअरटाउन. नाशिकची आफ्रिकन माणसं तिकडं गेली. शरणपूर उचलून समुद्रापलीकडं मांडलं म्हणा ना! सुटून आलेल्या शेकडो माणसांना पहिलं अक्षर, पहिली करवत, पहिला विळा हातात द्यायला ही 'मुंबईवाली' माणसं पुढं. काल जो गुलामाच्या गलबतात होता तो आज दुसऱ्याला ओळी गिरवायला लावतोय.

आणि तरी जोन्स आणि सेमलर यांना पाद्रीपदाची पहिली दीक्षा मिळाली ती १८८५ ला. एकवीस वर्षं! एकवीस वर्षं काम करून घेतलं आणि मग दीक्षा. मला याचा राग येतो आणि तो मी लपवत नाही.

दीक्षा देणारे बिशप हॅनिंग्टन त्याच वर्षी युगांडाकडे निघाले, सोबत जोन्स. ऑक्टोबरअखेर बिशप मारले गेले. जोन्स मागच्या मुक्कामावर होते. उरलेल्या हमालांना घेऊन ते शेकडो किलोमीटर चालत परतले. रबाईच्या वाटेवर तांडा दिसला तेव्हा पुढच्या माणसाच्या हातात निळं निशाण होतं आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत शिवलेला एकच शब्द: 'ईखाबोद'. बायबलमधला शब्द, अर्थ वैभव गेलं. वाटेत कुठल्या तरी मुक्कामावर कुणीतरी सुईदोरा घेऊन ती अक्षरं शिवली असतील ना? कंदिलाच्या उजेडात? भुकेनं, तापानं हैराण झालेली माणसं, आणि एक जण कापडावर अक्षर सरळ यावं म्हणून दोरा ओढतोय. मी या निशाणाबद्दल वाचलं आणि पुस्तक मिटून अंगणात येऊन बसलो.

याच जोन्सच्या रबाईत मालकांपासून पळालेले गुलाम येऊन राहायचे. शेतं करायचे, घरं बांधायचे. १८८८ मध्ये किनाऱ्यावरचे मालक चवताळले. शेवटी तिथल्या ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीनं भरपाई देऊन त्यांना सोडवलं आणि १८८९ च्या १ जानेवारीला रबाईत सुटकेचे कागद वाटले गेले. हजाराहून जास्त माणसं! शरण आलेल्याला हाकलायचं नाही, हे जोन्स कुठं शिकले असतील हे मी वेगळं सांगायला नको.

माझा मावसभाऊ मोंबासाच्या बंदरावर एका कंपनीत हिशेबाचं काम करतो. त्याला फोन केला तर म्हणाला, "दादा, फ्रिअरटाउन? मी रोज तिथूनच जातो की!" चार वर्षं जातोय आणि ठाऊक नाही, माझ्या शरणपूर रोडसारखंच. रविवारी त्यानं व्हिडिओ पाठवला. रस्त्याकडेला उभ्या बांधकामात टांगलेली घंटा, मागून मटाटूंचे, म्हणजे तिकडच्या वडाप गाड्यांचे भोंगे, आणि किन्नर ओरडतोय, "केंगेलेनी! केंगेलेनी!" स्वाहिलीत केंगेले म्हणजे घंटा, केंगेलेनी म्हणजे घंटेपाशी. गुलाम पकडणारे आले की ही घंटा वाजवून वसाहतीला सावध करायचे. आज तो बसथांबा. जेकबचा सोबती मॅथ्यू वेलिंग्टन, नाशिकचाच, लिव्हिंग्स्टनचा देह वाहून आणणाऱ्यांतला, तो १९३५ पर्यंत मोंबासात होता. माझे आजोबा तेव्हा मुरुडात औत हाकत होते!

व्हिडिओच्या शेवटी भावानं ताटली दाखवली. नारळाच्या रश्श्यातली म्बाझी. मी फोन मायच्या डोळ्यांपुढं धरला. तिनं चष्मा वर केला, खाली केला.

"ही तर आपली तूर हाय," ती म्हणाली. मग जरा वेळानं, "शिजलीय चांगली. पण फोडणी न्हाई."

यंदाची सहल नाशिकला ठरवलीय. एसटीला अर्ज दिलाय, मुख्याध्यापकांची सही झालीय. पंचवटी, त्र्यंबकेश्वर आहेच, पण त्याआधी बस शरणपूर रोडवर थांबेल. त्या पोराला मी सांगून ठेवलंय, उतरल्यावर ती तीन नावं त्यानं घ्यायची. तो पाठ करत बसलाय, आणि काल त्यानं नवीनच काढलं: "सर, त्यांच्या बायकांची नावं काय होती?"

मी पुन्हा शोधायला बसलोय.